आत्याबाईंच्या चौकटीतलं पाऊल

माझा नवरा दिसायच्या आधी त्याच्या खिशातले चिंचोके ऐकू यायचे. जिन्यात खुळखुळ झाली की मी समजायचे, आली स्वारी. पॅन्टच्या उजव्या खिशात मूठभर चिंचोके, डावा खिसा रिकामा. चालायला लागला की मनातल्या मनात पावलं मोजायची आणि शंभर झाली की उजव्यातला एक चिंचोका डाव्यात टाकायचा. शेवटी डावा खिसा उपडा केला की अंतर हातात. ही त्याच्या वडिलांची रीत. सायखेड्याला नदीकाठी त्यांचं रान होतं आणि माझे सासरे वाफे, पाट, पाइपलाइन सगळं पावलांनीच मोजायचे. टेप घरात होती, पण ती कायम खुंटीला. मुलाने इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, कॉम्प्युटरच्या तारा टाकायचा धंदा काढला, तरी चिंचोके काही सुटले नाहीत. धुणं भिजवताना मी खिसे तपासायला विसरले की बादलीच्या तळाशी ते फुगून बसलेले सापडायचे आणि मग मी त्याच्या नावाने शंख करायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या चारी बाजूंना कॉलेजं उगवत होती. माळावर, डोंगराच्या उतारावर, काल जिथे द्राक्षाची बाग होती तिथे. इंजिनिअरिंग, फार्मसी, डीएड, जे मागाल ते. प्रत्येक संस्थाचालकाला आपल्या कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून हवे असायचे. कशाला, ते विचारू नका. वरून समिती तपासणीला येणार आहे, एवढं कारण पुरायचं. आम्ही दोघं डिप्लोमाला एकाच वर्गात होतो आणि लग्नाच्या आधीपासून हेच काम करत होतो. पंचवटीत पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली घेतली होती. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि कीबोर्डवर कायम पिठाचा पातळ थर असायचा.

वर्गातली सवय म्हणून मी त्याला 'अरे' म्हणायचे. सायखेड्याला गेलं की 'अहो'. सासूबाईंसमोर नवऱ्याला अरे-तुरे करायची माझी टाप नव्हती. एकदा घाईत तोंडातून निघून गेलं, "अरे, अहो, ऐका ना." सासूबाई भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय गं, दोन नवरे हायेत का तुला?" हा पठ्ठ्या ओट्यावर बसून पोट धरून हसला, आणि हसता हसता त्याला ढास लागली. सासूबाईंचा हात तव्यावरच थांबला. त्या घरात त्याला दम लागला की सगळ्यांचंच काहीतरी थांबायचं.

कारण त्याच्या हृदयाची एक झडप खराब होती. लहानपणी सांधेताप येऊन गेला होता, त्याची ती खूण. लग्नाआधी त्याने स्वतःच सांगितलं होतं, अगदी हसत, "जुन्या दारासारखी कुरकुरते जरा, घेशील का चालवून?" घेतलं चालवून. डॉक्टर दर वर्षी तपासायचे आणि दर वर्षी सांगायचे की एक ना एक दिवस ऑपरेशन करावंच लागेल, फार उशीर करू नका. हा 'हो हो' म्हणून बाहेर पडायचा. त्याच्या थोरल्या बहिणीलाही हाच आजार होता. तिला ऑपरेशनला मुंबईला नेलं आणि ती परत आली नाही. तेव्हा हा शाळेत होता. ऑपरेशन हा शब्द काढला की गडी उठलाच. "अगं, अख्खं कॉलेज पायी फिरून येतो मी. आजारी माणूस फिरेल का असा?" आणि तो खरंच फिरून यायचा. चालणं हाच त्याचा पुरावा होता, डॉक्टरांपुढे, आईपुढे आणि माझ्यापुढेही.

आता एवढं चालायची गरज काय, तर नकाशा. कॉलेजवाले आम्हाला आर्किटेक्टचा नकाशा द्यायचे. त्यात इमारतींच्या लांबी-रुंदी बरोबर असायच्या, पण दोन इमारतींच्या मध्ये काय आहे ते कुठे असायचं? आमच्या अगदी सुरुवातीच्या एका कामात नकाशावर होस्टेल ते लॅब सरळ रेघ होती. आम्ही त्या रेघेवर विसंबून केबल आणली. जागेवर जाऊन बघतो तर मध्ये हा थोरला उंबर, त्याला पार, पारावर शेंदूर लावलेला दगड. तिथे कुदळ मारायला कोण देणार? वळसा घालून गेलो आणि केबल तोकडी पडली. त्या दिवसापासून याने कानाला खडा लावला. जिथून तार जाणार तिथून आधी मी जाणार. मुख्य गेटापासून निघायचं, प्रत्येक इमारतीच्या भिंतीकडेने, तार पुरायच्या प्रत्येक चराच्या वाटेने चालायचं आणि पुन्हा गेटाशी येऊन मिळायचं. याला तो फेरी म्हणायचा.

फेरी झाली की माझं काम. तांब्याच्या तारेत शंभर मीटरच्या पुढे सिग्नलला दम लागतो. त्याहून लांब जायचं तर काचेच्या धाग्याची फायबर हवी, नाही तर मध्ये स्विच, म्हणजे तारा जोडायची पेटी, बसवून त्याला विसावा द्यायला हवा. पण स्विचला स्विच, त्याला आणखी स्विच अशी माळही फार लांबवून चालत नाही. दोन वाटांनी एकाच ठिकाणी जोडलं की माहिती गोल गोल फिरून सगळं बंद पडतं. एखादी इमारत विसरलीच, तर प्राचार्यांचं केबिन नेमकं त्याच इमारतीत असतं. हे सगळं मी कागदावर तपासायचे. मोठं कॉलेज असलं की दिवसच्या दिवस जायचे, आणि मग एक चूक राहून गेलेली निघायची आणि बुजवलेला चर पुन्हा उकरावा लागायचा. एकदा असं झाल्यावर मी चिडून म्हटलं, "मरू दे, हे मशीनलाच करू दे." आणि प्रोग्राम लिहायला बसले.

लोडशेडिंग सांभाळत, गिरणीच्या घरघरीत लिहिला. पडद्यावर इमारतींचे चौकोन मांडायचे, स्विच ठेवायचे, रेघा ओढायच्या आणि प्रत्येक रेघेवर त्याने मोजलेली पावलं टाकायची. मग एक बटण दाबलं की तपासणी. बरोबर असेल ती रेघ हिरवी, चुकली की लाल, आणि खाली एका ओळीत कारण. तार लांब झाली. ही इमारत एकटी पडली. इथे फेरा झाला. शिवाय नकाशातली लांबी आणि पावलांनी आलेली लांबी जुळली नाही तरी ओरडायचा. ज्याला मला आठवडा लागायचा ते चहा थंड व्हायच्या आत व्हायला लागलं. पहिल्यांदा चालवून दाखवला तेव्हा मी मोठ्या ऐटीत आमचंच जुनं, पार पडलेलं काम त्यात घातलं, तर निम्मा पडदा लाल. हा मागे उभा होता. म्हणाला, "अगं, ही तर लग्नघरातली आत्याबाई! आल्या आल्या कुठे काय चुकलंय तेवढंच दिसतंय तिला." झालं, बारसं झालं. पुढे 'आत्याबाई काय म्हणतायत?' हा आमच्या खोलीतला रोजचा प्रश्न होऊन बसला.

आत्याबाईंना पावलांचे मीटर करायला त्याच्या एका पावलाची लांबी हवी होती. त्यासाठी आम्ही एका शाळेच्या धावण्याच्या मैदानावर गेलो, कारण त्या चुन्याच्या रेघांचं अंतर ठरलेलं होतं. सकाळचं कोवळं ऊन, पोरं कवायत करत होती आणि हा त्यांच्या मधून गंभीर चेहरा करून चालत होता. मी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायला लावल्या. प्रत्येक वेळी पावलं तेवढीच. एक जास्त नाही, एक कमी नाही. मी थक्क झाले. तो कॉलर ताठ करून म्हणाला, "खानदानी पाऊल आहे." प्रोग्राममध्ये कोपऱ्यात मी एक छोटी चौकट ठेवली, तिच्यावर लिहिलं 'पाऊल' आणि त्यात तो आकडा टाकला. पुढची काही वर्षं त्या चौकटीला हात लावायचं कारणच पडलं नाही.

फार चांगली वर्षं होती ती. तो उन्हातून यायचा, खिसा टेबलावर उपडा करायचा, मी पावलं टाकायचे, तो माझ्या खांद्यावरून वाकून बघायचा. पडदा हिरवा झाला की खाली जाऊन गिरणीवाल्याकडूनच दोन कटिंग चहा मागवायचा. एकदा पुण्याच्या एका कंपनीची माणसं आमचा प्रोग्राम बघायला आली. त्यांना आवडला, पण पाऊल ही चौकट त्यांच्या काही पचनी पडेना. "हे आम्ही काय भरायचं?" हा म्हणाला, "त्याच्यासोबत नवरा लागतो. तो आम्ही विकत नाही." ती माणसं चहा पिऊन गेली. मी त्याला नंतर खूप बोलले, पण मनातून मला फार गोड वाटलं होतं.

आणि मग त्र्यंबक रस्त्याकडचं ते कॉलेज आलं. डोंगराच्या पायथ्याशी, नवं कोरं. एरवी दुपारच्या जेवणाआधी आटपणाऱ्या फेरीला त्याला संध्याकाळ झाली. मी विचारलं तर म्हणाला, चढ आहे. मलाही वाटलं, असेल. दुसऱ्या दिवशी पावलं टाकली, बटण दाबलं आणि पडदा लालभडक. एक रेघ हिरवी राहिली असेल तर शपथ. तारा लांब, चर लांब, आणि वर ही ओळ की मुख्य इमारत नकाशात आहे त्याहून मोठी आहे. सगळ्याच इमारती मोठ्या आहेत.

तुम्ही असता तर काय केलं असतं? कुणीही आधी मोजणाऱ्याकडे बघेल. आम्ही दोघांनी मात्र एका सुरात आर्किटेक्टला शिव्या घातल्या. त्याचं पाऊल चुकेल हे आमच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं, सूर्य पश्चिमेला उगवला असता तर एक वेळ मानलं असतं. म्हणजे मी घालत होते शिव्या. तो खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. मी तावातावाने फोन उचलला आणि आर्किटेक्टला विचारलं, "तुम्ही काढलेली इमारत आणि तिथे उभी असलेली इमारत, यांची एकमेकींशी ओळख तरी आहे का?" भला माणूस होता. म्हणाला, "ताई, या आणि टेप लावा. चूक निघाली तर मिसळ माझ्याकडून."

गेले मी टेप घेऊन, एकटीच. कॉलेजच्या शिपायाने दुसरं टोक धरलं. मुख्य इमारतीची भिंत नकाशात होती तेवढीच भरली. मी म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा तेवढीच. वर्कशॉपची भिंत, तीही बरोबर. कँटीन बरोबर. शिपाई वैतागला, "मॅडम, बिल्डिंग काय ऊन लागून वाढती का? किती येळा मोजता?" मी टेप गुंडाळत गुंडाळत पायऱ्यांपर्यंत आले आणि तिथेच बसले. इमारत तेवढीच होती. नकाशा बरोबर होता. प्रोग्रामची बेरीज मी तीनदा तपासली होती. मग उरलं काय? भिंत वाढली नव्हती, तर तिच्या कडेने जाणारं पाऊल आखूड झालं होतं. त्याची दाढी करतानाची धाप मला दिसत नव्हती का? दिसत होती. जिन्यात मध्येच थांबून बुटाची नाडी बांधणं दिसत होतं. पण माणूस रोज डोळ्यांसमोर असला की काल आणि आज यांतला फरक दिसत नाही. आत्याबाईंना तो दिसला, कारण त्यांच्याकडे मैदानावरचा तो जुना आकडा होता.

परत आले. तो खाली चहाला गेला होता तेवढ्यात मी त्या चौकटीतला आकडा खोडला आणि टेपच्या मापावरून काढलेला नवा, लहान आकडा टाकला. बटण दाबलं. सगळं हिरवं. आयुष्यात मला हिरव्या रंगाची इतकी चीड कधी आली नव्हती. तो वर आला, पडदा बघितला. "काय झालं गं?" मी म्हटलं, "आर्किटेक्टने चूक कबूल केली." "अस्सं?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं."

त्याच आठवड्यात, वर्षाची तपासणी आहे असं म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं होतं हजार सबबी सांगेल. एक नाही सांगितली. इस्त्रीचा शर्ट घालून निमूट स्कूटरवर मागे बसला, आणि तेव्हाच मला रडू यायला लागलं, कारण माझ्या मागे बसणं त्याला कधीच मंजूर नसायचं. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, सुजलंय. ऑपरेशनला पर्याय नाही, पण लगेच केलं तर झेपणार नाही. आधी औषधं घेऊन जरा ताकद येऊ द्या, मग दिवाळीनंतर करू. मी भीतभीत त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "करू." एवढंच. बाहेर आल्यावर कठडा धरून उतरताना म्हणाला, "ताई वर बसून हसत असेल मला. म्हणेल, भित्र्या, आत्ता आलास होय शहाणपणावर." मी म्हटलं, "तिला म्हणावं, थांब जरा, इतक्यात नाही येत तो." दोघंही हसलो. पार्किंगमध्ये स्कूटर काढता काढता मी तोंड फिरवून डोळे पुसले.

डॉक्टरांनी सपाटीवर बेताने चालायची परवानगी दिली होती. मी म्हणत होते, अगदीच नको, घरी बस. पण घरी बसला की तो अर्धा व्हायचा. वर्तमानपत्र तीनतीनदा उघडायचा, माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा. तेव्हा ठरलं की चढ-उताराची कॉलेजं मी टेपने मोजायची आणि सपाटीवरची त्याची. मग प्रत्येक नव्या जागेवर मी एक चोरटं काम करू लागले. तो झाडाखाली चहा घेत असला की एखाद्या भिंतीला हळूच टेप लावायचे आणि त्याच भिंतीची त्याची पावलं आली की हिशेब करून चौकटीतला आकडा बदलायचे. दर वेळी खाली. एकदाही वर गेला नाही. औषधं चालू होती, पथ्य चालू होतं, सासूबाईंनी सायखेड्याहून येऊन मीठ-तेल सगळं ताब्यात घेतलं होतं, तरी तो मेला आकडा खालीच. देवापुढे बसून लोक काय काय मागतात. मी तो आकडा वर जावा म्हणून मागायचे. निदान होता तिथे राहू दे रे, एवढं तरी.

शेवटचं काम येवल्याकडचं. सपाट, काळ्या जमिनीवरचं कॉलेज, भोवती कांद्याची रानं. एसटीने गेलो. निम्मी फेरी झाली आणि अर्धवट बांधलेल्या वाचनालयाच्या जोत्यावर तो बसला. मी डबा उघडला. पोळीचा तुकडा हातात धरून त्याने विचारलं, "आता किती केलंस माझं पाऊल?"

"कसलं पाऊल?"

"आत्याबाईंच्या चौकटीतलं."

माझा हात तसाच डब्यात राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? घरापासून चौकातल्या टपरीपर्यंत मी रोज जातो. टपरी काही हलली नाही. चिंचोके मात्र वाढत चाललेत."

म्हणजे याला आधीपासून माहीत होतं. मोजणारा माणूस. त्याला कळल्याशिवाय कसं राहील? माझं डोकंच फिरलं. "मग बोलला का नाहीस? त्र्यंबकच्या कॉलेजच्या आधीपासून ठाऊक होतं तुला? तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

त्याने पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. मग म्हणाला, "बोलवेना गं. आईला सांगवेना, तुला तर त्याहून नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. म्हटलं, आकडे खोटे सांगितले तर कोणाला कळणार नाही, पण खोटे नाही द्यायचे. आहेत तेवढीच पावलं द्यायची. तू ती टाकशील, आत्याबाई बोंब मारतील, मग तुला आपोआप कळेल." आणि मग तो हसायला लागला. "आणि तू काय केलंस, तर त्या बिचाऱ्या आर्किटेक्टच्या उरावर बसलीस!"

मीही हसले. हसता हसता रडले, भर दुपारी, त्या जोत्यावर, डबा उघडा टाकून. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचा तळवा गार होता. म्हणाला, "किती ते सांग ना." मी आकडा सांगितला. त्याने मान डोलावली, मनाशी काही तरी जुळवलं आणि म्हणाला, "अजून थोडं कमी कर. गेटापासून इकडे बारीकच पडलीयत." उरलेली फेरी पुढच्या आठवड्यात करू म्हणून आम्ही परतीच्या एसटीला आलो. घरी आल्यावर, त्याच्या देखत, त्याने सांगितला तेवढा आकडा मी चौकटीत टाकला.

तो पुढचा आठवडा आलाच नाही. दसऱ्याच्या आधीची सकाळ होती. बूट घालायला म्हणून पलंगाच्या कडेला वाकला, एक घातला, दुसरा हातात होता. मी स्वयंपाकघरातून "अरे, डबा घे" म्हणाले. सासूबाई समोर होत्या, तरी 'अरे'च म्हणाले. उत्तर आलं नाही. डॉक्टरांकडे नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सासूबाई रडल्या नाहीत. त्याचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसल्या आणि म्हणत राहिल्या, "लय चालला गं माझा लेक. लय चालला."

दिवसकार्य झालं, सायखेड्याहून परत आले, गिरणीच्या वरची खोली उघडली. येवल्याच्या प्राचार्यांनी निरोप ठेवला होता की घाई नाही, पण जमेल तेव्हा. राहिलेली निम्मी फेरी टेपने मोजता आली असती. सगळे तेच म्हणत होते. माझा भाऊ म्हणाला, मी येतो, तासाभरात मोजून टाकू. पण आत्याबाईंच्या एका नकाशाला एकच पाऊल चालायचं. टेपची मापं घालायची तर त्या चौकटीतला आकडा खोडून सगळं मीटरमध्ये नव्याने भरावं लागलं असतं, त्याने चाललेलं सुद्धा. मला ते खोडायचं नव्हतं. माझ्याच्याने होणारच नव्हतं ते.

म्हणून मी एकटी येवल्याला गेले. उजव्या खिशात चिंचोके घालता यावेत म्हणून त्याचं जॅकेट घातलं होतं. वाचनालयाच्या जोत्याशी टेप पसरली, त्याच्या त्या शेवटच्या आकड्याएवढं पाऊल जमिनीवर आखून बघितलं आणि मला कळलं की ते किती एवढंसं होतं. एवढ्याशा पावलाने तो माझ्यासोबत हसत खेळत चालत होता. मी ते पाऊल पायात बसेपर्यंत तिथेच पुढे-मागे केलं. मग निघाले. भिंतीच्या कडेने, चराच्या वाटेने, एकेक टाच जपून. त्या पावलाने चालायला लागलं की दम लागत नसला तरी लागल्यासारखं होतं. किती चालावं तरी इमारत जवळ येतच नाही. त्याला रोज हे असं होत होतं. शंभर झाली की एक चिंचोका डावीकडे. वॉचमन बराच वेळ बघत होता. जवळ येऊन म्हणाला, "बाई, पाय दुखतोय का? बसा ना जरा सावलीला." मी म्हटलं, "हो, दुखतोय." पण बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

ऊन कलल्यावर गेटाशी येऊन मिळाले. फेरी पूर्ण झाली.

खोलीवर येऊन पावलं टाकली. निम्मी त्याची, निम्मी माझी. बटण दाबायला हात होईना. मला वाटत होतं, आता ओरडतील. दुसऱ्याच माणसाचं चालणं आहे हे, जुळणार नाही, एक तरी रेघ लाल होईल, आणि मग मी म्हणेन, बघा, तो नाही म्हणून चुकलं. खाली गिरणी थांबली होती. मी बटण दाबलं. एकेक रेघ हिरवी होत गेली, वाचनालयापर्यंत, वाचनालयाच्या पुढे, पार गेटापर्यंत. आत्याबाईंना कळलंच नाही की चालणारं माणूस बदललं. मी त्या पडद्यावर डोकं टेकून रडले. म्हटलं, एरवी इतक्या चुका काढता ना, आज एक तरी काढा. एक तरी काढा ना, आत्याबाई.